डीसीसी मॉडेल रेल्वेतला रिव्हर्स लूप: गॅप कुठे कापायची, वायर कशी जोडायची

दोन रुळांच्या मॉडेल रेल्वेत गाडी वळसा घालून त्याच मार्गावर उलट तोंडाने परत येणार असेल, तर तिथे विजेचा पेच असतोच. लूपच्या सांध्यापासून (जिथे मार्गाला दोन फाटे फुटतात) डाव्या रुळावर बोट ठेवून पुढे जात राहा. पूर्ण फेरी मारून तुम्ही सांध्याच्या उजव्या रुळावर येऊन पोहोचता. म्हणजे रुळांनी स्वतःच दोन्ही वायरी एकमेकींना जोडून टाकल्या. बूस्टर, म्हणजे रुळांना वीज देणारे उपकरण, चालू करताच शॉर्ट होणार, मग रुळावर इंजिन असो वा नसो.

उपाय ठरलेला आहे. लूपचा एक तुकडा दोन्ही टोकांना, दोन्ही रुळांवर कापून वेगळा करायचा आणि गाडी त्यात असताना त्याची पोलॅरिटी, म्हणजे कोणत्या रुळाला कोणती वायर हे, उलटवायची. बाजारात मिळणारा ऑटो-रिव्हर्सर हे उलटवण्याचे काम आपोआप करतो. नवखी माणसे उपकरणाच्या निवडीत अडकून पडतात. पण लूप चालत नाही तेव्हा उपकरण क्वचितच दोषी असते. गॅप, म्हणजे रुळातला हा काप, चुकीच्या जागी असते, किंवा एखादा फीडर (रुळाला वीज पोहोचवणारी वायर) नको तिथे जोडलेला असतो. म्हणून आधी गॅप आणि वायरी, उपकरणाचे नंतर पाहू.

डीसीसीत (रुळांतूनच इंजिनाला डिजिटल आज्ञा देणाऱ्या पद्धतीत) चालत्या गाडीखाली पोलॅरिटी उलटवली तरी चालते, ते का? साध्या डीसीवर कोणता रूळ धन आहे यावर इंजिनाची दिशा ठरते. लूपमध्ये पोलॅरिटी बदलली तर इंजिन जागच्या जागी उलटे पळते, म्हणून तिथे गाडी थांबवूनच काम करावे लागते. डीसीसीत दिशेची आज्ञा इंजिनातल्या डिकोडर चिपला संदेशातून मिळते. रुळावरची वीज सतत उलटसुलट होत असते ('१' या बिटचा अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा), आणि डिकोडर फक्त या उलट्यांमधले अंतर मोजतो. कोणत्या रुळावर काय आहे याच्याशी त्याला देणेघेणे नसते. पुढे म्हणजे इंजिनाच्या तोंडाच्या दिशेने, बस्स. त्यामुळे काही मिलिसेकंदांत पोलॅरिटी फिरवली तर गाडीला पत्ताही लागत नाही.

मार्कलिनच्या तीन-वाहक रुळांवर हा प्रश्नच येत नाही, कारण तिथे दोन्ही रूळ एकाच वायरीचे आणि दुसरी वायर मधल्या खिळ्यांची. तुमचे रूळ तसे असतील तर पुढचे वाचायची गरज नाही.

आधी कागद आणि दोन रंग

लेआउटचा नकाशा काढा, पण मार्गासाठी एक रेघ न काढता प्रत्येक रूळ वेगळा दाखवा. एक रूळ लाल, दुसरा निळा. कुठूनही सुरुवात करा आणि रंग न बदलता सगळीकडे जा. जिथे लाल रूळ निळ्याला येऊन मिळतो तिथे रिव्हर्स सेक्शन, म्हणजे तो उलटवता येणारा वेगळा तुकडा, हवा. हे काम डोक्यातल्या डोक्यात करू नका. साधा लूप सगळ्यांना दिसतो, पण खालचे तीन प्रकार नजरेतून सुटतात.

एक, लंबगोलाच्या आतून तिरका जाणारा जोडमार्ग. गाडी बाहेरच्या मार्गावरून त्यावर शिरते आणि पलीकडे उलट दिशेने बाहेर पडते. इथे तो तिरका तुकडाच रिव्हर्स सेक्शन करायचा.

दोन, त्रिकोण. तीन सांधे, तीन बाजू, आणि एका कोपऱ्यापुढे बहुधा शेपटीसारखा बंद मार्ग.

तीन, सगळ्यांत फसवा: दोन्ही टोकांना फुगवटे आणि मधे दोन मार्ग शेजारीशेजारी, म्हणजे दाबलेला लंबगोल. नुसता असेल तर काहीच अडचण नाही, कारण तो एकच मोठा गोल आहे. पण मधले दोन मार्ग दुहेरी मार्गासारखे दिसतात, आणि कधी ना कधी त्यांच्यामध्ये क्रॉसओव्हर (एका मार्गावरून शेजारच्या मार्गावर नेणारा जोड) टाकायचा मोह होतो. रंग भरले की दिसते: मार्गांचे रूळ लाल-निळा, निळा-लाल असे आहेत. क्रॉसओव्हर एका मार्गाचा डावा रूळ दुसऱ्याच्या डाव्याला जोडतो, म्हणजे लालला निळा. यावर स्वच्छ तोडगा असा: मधले दोन्ही मार्ग लाल-निळा, लाल-निळा असे एकसारखे जोडा आणि दोन्ही टोकांचे फुगवटे दोन स्वतंत्र रिव्हर्स सेक्शन करा. मग मधे कितीही क्रॉसओव्हर टाका.

उलट, इंग्रजी आठाच्या आकाराचा मार्ग धोकादायक वाटतो पण नसतो. रंग शेवटपर्यंत जुळतात.

सेक्शन किती लांब हवा

नियम: धातूच्या चाकांची संपूर्ण गाडी सेक्शनमध्ये मावली पाहिजे. फक्त इंजिन मावले की पुरे, असे बरेच जण सांगतात. सगळ्या डब्यांना प्लास्टिकची चाके असतील आणि एकाही डब्यात दिवा नसेल, तरच ते खरे.

कारण असे. गाडी आत शिरताना पुढचे चाक गॅपवर येते, शॉर्ट होतो, रिव्हर्सर पोलॅरिटी जुळवून घेतो. आता गाडीचे तोंड बाहेर पडायच्या गॅपवर पोहोचले. तिथे उलट पोलॅरिटी हवी. रिव्हर्सर ती फिरवतो. पण शेपटीचा डबा अजून आत शिरायच्या गॅपवर असेल, तर फिरवल्यामुळे तिथे नवा शॉर्ट होतो. रिव्हर्सर परत फिरवतो, पुन्हा पुढे शॉर्ट. दोन्ही टोकांना एकाच वेळी खूश करणे त्याला शक्य नाही, आणि शेवटी बूस्टर बंद पडतो. दिवे असलेल्या डब्यात तर दोन्ही बोगींची चाके आतून वायरीने जोडलेली असतात. असा डबा गॅपवरून जाताना पूर्ण वेळ दोन्ही बाजू जोडून ठेवतो.

एचओ (१:८७) मापाचा हिशेब करून पाहू. इंजिन २० सेंमी, प्रत्येकी १७ सेंमीच्या १२ वाघिणी, एकूण २२४ सेंमी. थोडी मोकळीक धरून सेक्शन किमान २५० सेंमी ठेवा. साध्या लूपमध्ये ही लांबी सहज मिळते, फक्त दोन्ही गॅप सांध्याच्या अगदी जवळ, फ्रॉगच्या (सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्याच्या) लगेच पुढे घ्या. लूपपेक्षा लांब गाडी तशीही आपल्याच शेपटीला धडकेल. जागेची खरी ओढाताण तिरक्या जोडमार्गात होते. तिथे तुकडा आखूड पडत असेल तर सीमा सांध्यांच्या पलीकडे, मुख्य मार्गाच्या काही भागापर्यंत सरकवता येते का ते रंगांच्या नकाशावर तपासा.

आणखी दोन नियम इथेच लिहून ठेवा. दोन रिव्हर्स सेक्शन एकमेकांना लागून असू नयेत. मधे न उलटणारा तुकडा हवाच, नाहीतर एकाच गॅपवर दोन उपकरणे एकाच वेळी फिरतात आणि दोघांनी फिरवल्यावर परिस्थिती मूळपदावर येते. आणि एका सेक्शनमध्ये एका वेळी एकच गाडी आत येत किंवा बाहेर जात असावी. गॅपवर डबा उभा करून ठेवला असेल तर तीही एक गाडीच समजा.

गॅप कापणे

प्रत्येक टोकाला दोन, अशा चार गॅप लागतात. दोन्ही रुळांवरच्या गॅप समोरासमोर घ्या. एक-दोन मिलिमीटर मागेपुढे झाले तरी बिघडत नाही, पण चार-पाच सेंटिमीटरचा फरक पडला तर मधल्या पट्ट्यात विचित्र शॉर्ट होतात आणि कारण सापडता सापडत नाही.

रूळ नव्याने टाकत असाल तर रूळ जोडणारे प्लास्टिकचे इन्सुलेटेड जॉइनर सगळ्यांत सोपे. टाकलेले रूळ कापायचे असतील तर बारीक दातांची रेझर सॉ किंवा रोटरी टूलला पातळ कटिंग डिस्क लावा, चष्मा घाला. क्रम असा:

१. कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना रूळ स्लीपरला घट्ट आहे का पाहा. वळणावर कापलेला रूळ सरळ व्हायला बघतो आणि टोक बाहेर येते. तिथे आधी दोन्ही बाजूंना तांब्याच्या पट्टीचे स्लीपर सरकवून रूळ डाग देऊन पक्का करा, किंवा गॅपची जागा सरळ भागात न्या. वर तांबे असलेला असा स्लीपर दोन रुळांच्या मधोमध खरवडून तोडायला विसरू नका, नाहीतर तोच शॉर्ट करेल.

२. ०.५ ते १ मिमी रुंद काप घ्या, रुळाला काटकोनात.

३. कापात ०.५ मिमी जाडीचा प्लास्टिक पत्र्याचा तुकडा सुपरग्लूने बसवा. वाळल्यावर रुळाच्या आकारात कापा आणि वरून व आतल्या कडेने कानशीने घासा. मोकळी ठेवलेली गॅप उन्हाळ्यात रूळ प्रसरण पावून बंद होते. काही महिने नीट चालून मग एक दिवस लूप बंद पडला, तर पहिला संशय इथेच घ्या.

४. मल्टिमीटर सातत्य तपासायच्या, म्हणजे बीप वाजणाऱ्या सेटिंगवर ठेवा. बूस्टर बंद, इंजिने व डबे उचललेले. चारही गॅपवर बीप वाजता कामा नये. इथे वाजली तर पुढे जाऊ नका.

वायरी

साधारण साडेतीन मीटर लांबीच्या एका एचओ सेक्शनसाठी सामान: एक ऑटो-रिव्हर्सर, २.५ चौरस मिमीची बहुतारी तांब्याची वायर दोन रंगांत, फीडरसाठी ०.५ चौरस मिमीची वायर, फीडरच्या तीन जोड्या, एक स्क्रूची टर्मिनल पट्टी, रोझिन फ्लक्सची सोल्डर. ॲसिड फ्लक्स रुळाजवळही आणू नका. काही महिन्यांत जोड हिरवा पडतो.

मुख्य बस (बूस्टरपासून लेआउटभर फिरणारी जाड वायरींची जोडी) लाल-निळी असेल तर रिव्हर्स सेक्शनच्या उपबससाठी पूर्ण वेगळे रंग घ्या, उदाहरणार्थ पिवळा आणि पांढरा. हा नीटनेटकेपणाचा हट्ट वाटेल, पण टेबलाखाली उताणे पडून फीडर जोडताना हीच सवय वाचवते.

जोडणी अशी: बूस्टरपासून मुख्य बस, मुख्य बसवरून रिव्हर्सरच्या इनपुटला दोन वायरी, रिव्हर्सरच्या आउटपुटपासून उपबस, आणि उपबसवरून सेक्शनचे फीडर. सेक्शनच्या आतला प्रत्येक फीडर उपबसवरच. मुख्य बसचा एकही फीडर आत राहिला तर रिव्हर्सर फिरवेल आणि त्या फीडरमधून थेट शॉर्ट होईल. विशेषतः पुढच्या तीन जागा बघा: सेक्शनच्या आत येणाऱ्या सांध्याच्या फ्रॉगला वीज देणारा संपर्क, आतल्या सिग्नलचे किंवा दिव्यांचे कनेक्शन, आणि जुन्या वायरिंगमधला विसरलेला फीडर. फ्रॉगचा संपर्क सेक्शनच्या उपबसवरून घ्यायचा, मुख्य बसवरून नाही.

फीडर दर मीटर-सव्वा मीटरला एक जोडी द्या. रुळांच्या जॉइनरवर विजेसाठी विसंबू नका.

जाड वायरीचा आग्रह का, याचा हिशेब छोटा आहे. ०.५ चौरस मिमी तांब्याच्या वायरीचा रोध दर मीटरला सुमारे ०.०३५ ओहम. बूस्टरपासून १० मीटर अंतर, जाऊन-येऊन २० मीटर, म्हणजे ०.७ ओहम. ५ अँपिअर प्रवाहाला साडेतीन व्होल्ट वाटेतच गेले. २.५ चौरस मिमीच्या वायरीत हेच नुकसान ०.७ व्होल्ट. ऑटो-रिव्हर्सर शॉर्टचा प्रवाह ओळखून फिरतो. वायर बारीक आणि जोड ढिले असतील तर शॉर्ट 'अर्धवट' होतो, ठरलेल्या प्रवाहापर्यंत पोहोचतच नाही, आणि तेवढा वेळ चाके व इंजिनातल्या बारीक वायरी तापत राहतात.

सांधे फिरवणारे ॲक्सेसरी डिकोडर रिव्हर्स सेक्शनवरून चालवू नका, शक्य तर रुळाच्या बसवरूनही नको. शॉर्ट झाला की त्यांची वीज जाते, आणि नेमका जो सांधा फिरवून शॉर्ट काढायचा तोच फिरत नाही. त्यांना वेगळी बस द्या.

कोणता सेक्शन व्यापलेला आहे हे ओळखणारा डिटेक्टर लावायचा असेल, तर तो रिव्हर्सर आणि रूळ यांच्या मधे लावा. रिव्हर्सर स्वतः थोडी वीज खातो, त्यामुळे त्याच्या आधी बसवलेला डिटेक्टर रिकाम्या सेक्शनलाही 'गाडी आहे' म्हणत राहील.

उलटवायचे कशाने

हाताने उलटवायला सहा टोकांचा डीपीडीटी स्विच पुरतो. टोके दोन रांगांत तीन-तीन. वरच्या दोन टोकांना मुख्य बस. वरच्या डाव्या टोकापासून खालच्या उजव्याला आणि वरच्या उजव्यापासून खालच्या डाव्याला आडव्या वायरी. मधली दोन टोके उपबसला. गाडी पूर्ण आत आली की स्विच दाबायचा. स्विचची क्षमता बूस्टरच्या प्रवाहापेक्षा कमी नको. हा उपाय स्वस्त आहे आणि विसरला की लगेच आठवण करून देतो: गाडी गॅपवर थबकते.

याहून बरा प्रकार म्हणजे उलटवण्याचे काम सांध्यालाच देणे. साध्या लूपमध्ये सांधा कोणत्या बाजूला वळला आहे यावरून सेक्शनला कोणती पोलॅरिटी हवी ते ठरते. टॉरटॉइजसारख्या सांधा-मोटरमध्ये संपर्कांचे दोन संच असतात. १ आणि ८ ही टोके मोटरची. एका संचाचे सामाईक टोक ४, त्याचे दोन पर्याय २ आणि ३. दुसऱ्याचे सामाईक ५, पर्याय ६ आणि ७. ४ व ५ उपबसला जोडायचे, आणि मुख्य बस दोन्ही संचांवर उलटसुलट देऊन वरच्या स्विचसारखीच जोडणी करायची. गाडी लूपमध्ये असताना सांधा बदलला की सेक्शनही आपोआप उलटतो. यात शॉर्ट होतच नाही, चाकांवर ठिणगी नाही, आवाजाचे डिकोडर अडखळत नाहीत. फक्त संपर्कांची क्षमता मोठी नसते. मोठा बूस्टर असेल तर या संपर्कांनी रिले (विजेने चालणारा स्विच) चालवा आणि रुळाचा प्रवाह रिलेतून न्या. शिवाय त्याच संपर्कांवर फ्रॉगही चालवायचा असेल तर संच कमी पडतो, तेव्हाही रिले.

शॉर्ट ओळखणारे ऑटो-रिव्हर्सर दोन जातींचे. रिलेवाले, उदाहरणार्थ डिजिट्रॅक्सचा एआर१: स्वस्त, चालतात, पण रिलेला हलायला वेळ लागतो. त्यामुळे जलद तुटणाऱ्या (शॉर्ट दिसताच वीज बंद करणाऱ्या) बूस्टरसोबत किंवा आवाजाच्या इंजिनांसोबत कुरबुर होऊ शकते. रिले नसलेले, उदाहरणार्थ पीएसएक्स-एआर: हे खूप वेगाने फिरतात आणि त्यातच सर्किट ब्रेकरही असतो. एकच लूप, छोटे लेआउट आणि साधी इंजिने असतील तर रिलेवाला पुरे. आवाजाच्या डिकोडरांसाठी पैसे वाचवायला जाऊ नये.

लूपच्या सीमेवर सेन्सर ठेवून गाडी गॅपवर येण्याआधीच पोलॅरिटी जुळवणारी मॉड्यूलही मिळतात. चांगली असतात, पण वायरी वाढतात. पहिल्या लूपसाठी गरज नाही.

प्रवाहाची मर्यादा

उपकरण चांगले असूनही लूप चालत नाही याचे सर्वांत मोठे कारण इथे आहे. गॅपवर शॉर्ट झाला की बूस्टर आणि रिव्हर्सर यांच्यात शर्यत लागते. बूस्टर आधी तुटला तर सगळे बंद. रिव्हर्सरने आधी फिरवले तर कोणाला कळतही नाही.

म्हणून रिव्हर्सरची मर्यादा बूस्टर देऊ शकतो त्या प्रवाहापेक्षा स्पष्ट कमी हवी. पीएसएक्स-एआर कारखान्यातून ३.८१ अँपिअरवर येतो. ५ अँपिअरच्या बूस्टरला हे ठीक. पण सुमारे २ अँपिअर देणाऱ्या हातातल्या स्टार्टर संचावर तो कधीच फिरणार नाही, कारण ३.८१ अँपिअर तिथे येणारच नाहीत. तिथे तो १.२७ अँपिअरवर आणावा लागतो. इतर उपकरणांवर हे काम छोट्या स्क्रूने फिरणाऱ्या बटणाने किंवा जंपरने होते. सर्वांत कमी मर्यादेपासून सुरू करा. गॅपवर चाक नसतानाही, उदाहरणार्थ दोन-तीन आवाजाची इंजिने एकदम सुरू होताना, तो फिरू लागला तर एकेक पायरी वाढवा.

मुख्य मार्गावर वेगळा सर्किट ब्रेकर असेल तर एक गोष्ट ध्यानात घ्या: गॅपवरच्या शॉर्टचा प्रवाह मुख्य मार्गाच्या ब्रेकरमधूनही जातो आणि रिव्हर्सरमधूनही. दोघांची मर्यादा सारखी असेल तर कोण आधी तुटेल हा नशिबाचा खेळ. ब्रेकरची मर्यादा रिव्हर्सरपेक्षा वर ठेवा किंवा त्याचा विलंब वाढवा.

चाचणी, इंजिन ठेवण्याआधी

प्रथम नाणे. मुख्य मार्गावर जागोजागी दोन्ही रुळांवर धातूचे नाणे टेकवा. बूस्टरने लगेच तुटायला हवे. कुठे नुसतीच गुणगुण आली आणि वीज चालू राहिली, तर तिथली वायर बारीक आहे किंवा जोड ढिला आहे. ते दुरुस्त केल्याशिवाय रिव्हर्सरचे काही खरे नाही. रिव्हर्स सेक्शनमध्ये नाणे टेकवले की रिव्हर्सर फिरवून बघेल, तरीही शॉर्ट आहे हे कळल्यावर तो स्वतः तरी बंद होईल किंवा बूस्टर तरी तुटेल. दोन्ही बरोबर.

मग मल्टिमीटर एसी व्होल्टवर. एक टोक गॅपच्या बाहेरच्या रुळावर, दुसरे त्याच रुळाच्या आतल्या बाजूला. पोलॅरिटी जुळलेली असेल तर जवळपास शून्य, उलट असेल तर रुळाचा पूर्ण दाब दिसेल, एचओमध्ये साधारण १४ व्होल्टच्या आसपास. डीसीसीची लाट साधी एसी नसल्याने साध्या मीटरवरचा आकडा थोडा इकडेतिकडे येईल, इथे फक्त 'आहे की नाही' एवढेच बघायचे. साध्या लूपमध्ये एका टोकाला शून्य आणि दुसऱ्या टोकाला पूर्ण दाब दिसला पाहिजे. दोन्ही टोकांना शून्य येत असेल तर एकतर गॅप चुकीच्या जागी आहेत किंवा तिथे रिव्हर्स सेक्शनची गरजच नाही.

ज्या टोकाला पूर्ण दाब आहे तिथे स्क्रूड्रायव्हरच्या पात्याने एका रुळावरची गॅप क्षणभर जोडा. रिव्हर्सरने फिरायला हवे आणि मीटर शून्यावर यायला हवे. दुसऱ्या टोकाला तेच करा. हे चारही गॅपवर जमले की इंजिन ठेवा.

पहिल्या फेऱ्या एकट्या इंजिनाने, वेग जेमतेम सरपटण्याइतका. हळू चालवल्यावरच खोट उघडी पडते. वेगातले इंजिन उसळीने गॅप पार करून तुम्हाला फसवते. दोन्ही दिशांनी चालवा. त्यानंतर तुमची सर्वांत लांब गाडी.

त्रिकोण आणि टर्नटेबल

त्रिकोणात कोणता भाग उलटवायचा हे आपल्या हातात असते, आणि शेपटीचा मार्ग बंद असेल तर उत्तर जवळजवळ नेहमी शेपटी हेच. शेपटीचा सांधाही सेक्शनच्या आत घ्या आणि गॅप त्या सांध्याच्या दोन्ही फाट्यांवर, फ्रॉगच्या लगेच पुढे कापा. गॅप शेपटीच्या बाजूला, सांध्याच्या मागे कापल्या तर काम होणार नाही, कारण मग दोन उलट फाटे सांध्यातच एकत्र येतात. या रचनेत लांबीची चिंता राहत नाही. गाडी उलटवायला ती पूर्णपणे सांध्याच्या मागे जावीच लागते, त्यामुळे दोन्ही गॅपवर एकाच वेळी चाके येण्याचा प्रसंग नाही. इथेही सांधा-मोटरच्या संपर्कांनी काम होते, कारण शेपटीची पोलॅरिटी पूर्णपणे त्या एकाच सांध्यावर ठरते. शेपटी पुढे दुसऱ्या गावाकडे जात असेल तर मात्र तिच्या पलीकडच्या टोकालाही गॅप लागतील आणि लांबीचा नियम परत लागू होईल.

टर्नटेबलचा (इंजिन उभे करून फिरवायच्या मंचाचा) पूल म्हणजे सर्वांत छोटा रिव्हर्स सेक्शन. भोवतालचे सगळे मार्ग मुख्य बसवर, फक्त पूल रिव्हर्सरच्या आउटपुटवर, स्लिप-रिंगमधून (फिरत्या पुलाला वीज पोहोचवणाऱ्या कड्यांमधून). पुलाच्या रुळांची टोके भोवतालच्या रुळांना टेकत नाहीत, म्हणून वेगळी गॅप कापावी लागत नाही. इंजिन बाहेर पडताना पहिले चाक पलीकडे टेकले की रिव्हर्सर जुळवून घेतो. स्लिप-रिंगचे संपर्क अधूनमधून पुसा. रिव्हर्सरवर खापर फुटणारे अर्धे टर्नटेबल-बिघाड तिथले असतात.

बिघडले तर

इंजिन गॅपवर थांबते आणि बूस्टर तुटतो: रिव्हर्सरची मर्यादा जास्त, किंवा बस बारीक. नाण्याची चाचणी सेक्शनच्या दूरच्या टोकाला पुन्हा करा.

आत जाते पण बाहेर येत नाही: बाहेरच्या टोकाची एक गॅप बंद झाली आहे, किंवा आत मुख्य बसचा फीडर आहे. तो शोधायला रिव्हर्सरच्या आउटपुटच्या दोन्ही वायरी काढा. सगळी इंजिने व दिव्याचे डबे उचला, बूस्टर चालू करा आणि सेक्शनच्या रुळांवर व्होल्ट मोजा. काही आले तर वीज दुसरीकडून येते आहे. फीडर एकेक सोडत गेलात की सापडते.

रिव्हर्सर टकटक करत राहतो किंवा त्याचा दिवा लुकलुकतो: दोन्ही टोकांना चाके आहेत. लांब गाडी, गॅपवर उभा डबा किंवा शेजारी दुसरा रिव्हर्स सेक्शन, यांपैकी एक.

फक्त एका विशिष्ट डब्याने शॉर्ट होतो: त्याची चाके उलटी बसवलेली असतील. धातूच्या चाकजोडीत एक चाक इन्सुलेटेड असते. धातूच्या बोगीत एक जोडी उलटी बसली की तो डबा कुठेही शॉर्ट करतो, लूपवर फक्त लक्षात येते.

इंजिन गॅपवर अचानक पूर्ण वेगाने पळते किंवा उलटे फिरते: हा वायरिंगचा दोष नाही. डिकोडरमध्ये डीसीवर चालण्याची सोय चालू आहे आणि क्षणभराच्या गोंधळाला तो डीसी समजतो. सीव्ही २९ (डिकोडरची २९ क्रमांकाची सेटिंग) वाचा आणि त्यातून ४ वजा करा: ६ असेल तर २, मोठ्या पत्त्याच्या इंजिनात ३८ असेल तर ३४. आधीच ती सोय बंद असेल तर वजा करू नका, भलतेच बिट बदलेल. ६ आणि ३८ मध्ये ती चालू असते, २ आणि ३४ मध्ये बंद.